पोप तोच, चाल वेगळी

2025च्या एप्रिलअखेर स्वीडनच्या 'घोस्ट' या बँडचा 'स्केलेटा' हा सहावा अल्बम आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हार्ड रॉकच्या अल्बमला त्याआधी हे स्थान मिळालं होतं ते 2020 साली, एसी/डीसीच्या 'पॉवर अप'ला. मला या यशाचा मनापासून आनंद झाला. माझ्या भाचीला झाला नाही. ती ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेते, कान तयार आहे, आणि घोस्टचा 2010चा पहिला अल्बम तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ आहे. तिच्या मते हा बँड अल्बमागणिक एकेक पायरी उतरत आला. माझ्या मते तो चढत आला. त्यावर आमचं जे बोलणं झालं, त्यातलं महत्त्वाचं इथे मांडतो आहे.

ज्यांनी घोस्ट ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँडचा कर्ता-करविता टोबियस फोर्ज, जन्म 1981, गाव लिन्शॉपिंग. रंगमंचावर तो सैतानाचा पोप होऊन येतो: कवटीसारखा रंगवलेला चेहरा, पायघोळ झगा, डोक्यावर उंच मुकुट. मागे मुखवटे घातलेले वादक, ज्यांना नावंच नाहीत. फोर्जनेही अनेक वर्षं आपलं नाव जाहीर केलं नव्हतं. 2017 साली जुन्या वादकांनी त्याच्यावर खटला भरला तेव्हा ते उघड झालं. पोपही बदलत राहतात. त्याच वर्षी सप्टेंबरात गोथेनबर्गच्या कार्यक्रमात चालू प्रयोगातून तिसऱ्या पोपला उचलून नेलं गेलं, आणि पुढच्या अल्बमसाठी नवं पात्र आलं. म्हणजे हे पुरतं नाटक आहे, आणि ते पूर्ण गांभीर्याने केलं जातं.

"मामा, पहिला नंबर आला म्हणून अल्बम चांगला, असं तू म्हणणार नाहीस ना?" भाचीने सुरुवातच तिथून केली.

"नाही म्हणणार. पण पहिला नंबर आला म्हणून वाईट, असं तूही म्हणू नकोस."

"मी नंबराचं बोलतच नाहीये. 'ओपस एपॉनिमस' काढ. 35 मिनिटांचा अल्बम, लंडनच्या राइज अबव्ह या छोट्या कंपनीने काढलेला. गिटारीचा आवाज कोरडा. ड्रम अगदी जवळ, हाताच्या अंतरावर वाजल्यासारखे. आणि गाणारा ओरडत नाही. मेटलमध्ये सैतानाचं नाव घ्यायचं म्हणजे घसा फोडायचा, ही रीत होती. हा माणूस शांतपणे, जवळजवळ मायेने गातो, आणि जे गातो ते अभद्र. त्या मायेचीच मला भीती वाटली होती. आता 'इम्पेरा' किंवा 'स्केलेटा' लाव. मोठा घुमारा, थरावर थर चढवलेले कोरस, की-बोर्डची सुरावट. सगळं 1986 सालचं. भीती कुठे आहे त्यात?"

"पण पहिला अल्बम तरी नवा कुठे होता? तोही जुनाच आवाज होता, अगं. त्यात अमेरिकेच्या ब्लू ऑइस्टर कल्टची 1976ची छाया आहे आणि कोपनहेगनच्या मर्सिफुल फेटची 1983-84ची. फोर्ज त्याआधी रिपग्नंट नावाच्या डेथ मेटल बँडमध्ये होता. ते सोडून तो मुद्दाम मागे गेला, सुरेल गाण्याकडे गेला. तुला जे अस्सल वाटतं तेही पुनरुज्जीवनच होतं."

"कबूल. पण प्रश्न जुन्याचा नाही, कुठलं जुनं निवडलं त्याचा आहे. मर्सिफुल फेट ऐकणारे मूठभर होते. त्यांचा आवाज उचलणं म्हणजे विस्मरणातलं काहीतरी वर काढणं. जर्नी, डेफ लेपर्ड, बॉन जोव्ही यांचा आवाज उचलणं म्हणजे जे सगळ्यांना आधीच आवडतं तेच पुन्हा वाढणं. पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात नाही."

हा तिचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्याला एक मोठं छिद्र आहे. ब्लू ऑइस्टर कल्टचं 'डोन्ट फिअर द रीपर' हे मूठभरांचं गाणं नव्हतं. ते रेडिओवर गाजलेलं, गोड आवाजांच्या मिलाफाचं, कुणालाही गुणगुणता येईल असं गाणं आहे आणि ते मृत्यूबद्दल आहे. ज्या घराण्याचा वारसा घोस्टने पहिल्या दिवसापासून सांगितला, त्या घराण्याचं सर्वांत प्रसिद्ध गाणंच सर्वांसाठी होतं. मी हे म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग तिने डेस्मंड चाइल्ड हे नाव काढलं.

"1979 साली किस. तोंडं रंगवणारा, आग ओकणारा, रक्त थुंकणारा बँड. त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर 'आय वॉज मेड फॉर लव्हिन यू' केलं. सहलेखक डेस्मंड चाइल्ड. 1989 साली अॅलिस कूपर. रंगमंचावर स्वतःचं मुंडकं उडवून घेणारा माणूस. त्याने 'पॉयझन' केलं. सहलेखक पुन्हा डेस्मंड चाइल्ड. मधल्या काळात बॉन जोव्हीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर', तिथेही तोच. रंगभूमी करणाऱ्या रॉक बँडची ही ठरलेली वाट आहे, मामा. आधी लोकांना घाबरवायचं, मग लोक घाबरायचे थांबले की हिट गाणी लिहिणारा माणूस बोलवायचा. घोस्टनेही तेच केलं. 'डान्स मकाब्र' फोर्जने एकट्याने लिहिलेलं नाही. सालेम अल फकीर आणि व्हिन्सेंट पोंतारे त्याच्या बरोबर होते, आणि ते अव्हिचीबरोबर काम केलेले लोक आहेत."

हे तिने अचूक सांगितलं. पण यातून ती जो निष्कर्ष काढते तो मला मान्य नाही, आणि त्याचं कारण स्वीडन आहे.

हार्ड रॉक आणि पॉप ही दोन वेगळी राज्यं आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाणारा फितूर असतो, ही समजूत अमेरिका-इंग्लंडमध्ये तयार झाली. आपल्याकडच्या कॅसेटवर वाढलेल्या पिढीनेही ती उचलली. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉकला जाणारी आम्ही मुलं पॉप ऐकतो हे एकमेकांपासून लपवत असू. स्वीडनमध्ये ही भिंत फार पातळ आहे. 1986 साली 'द फायनल काउंटडाउन' जगभर नेणारा युरोप हा बँड स्टॉकहोमजवळच्या उपनगरातला. आजच्या पॉपचा सर्वांत यशस्वी गीतकार मॅक्स मार्टिन आधी 'इट्स अलाइव्ह' नावाच्या ग्लॅम मेटल बँडचा गायक होता. शेइरॉन स्टुडिओत डेनिझ पॉपने त्याला हाताशी धरलं आणि 1998 साली त्याने ब्रिटनी स्पिअर्सचं पहिलं गाणं लिहिलं. आणि या सगळ्यांच्या मागे अॅबा. 1974 साली ब्रायटनला युरोव्हिजन जिंकलेल्या अॅबाला बाहेर लोक निव्वळ गोड समजतात, पण 1977च्या अल्बममध्ये त्यांनी एका छोट्या संगीतिकेची गाणी घातली होती. त्यातलं 'आय अॅम अ मॅरियोनेट' हे कळसूत्री बाहुली झालेल्या गायिकेचं गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. घोस्टने 2013 साली डेव्ह ग्रोलच्या देखरेखीखाली नेमकं तेच गाणं पुन्हा गायलं. त्याआधी पहिल्या अल्बमच्या जपानी आवृत्तीत बीटल्सचं 'हिअर कम्स द सन' होतं. म्हणजे 'ओपस एपॉनिमस'च्या काळातच हा माणूस आपली आवड हातचं न राखता सांगत होता.

'द फायनल काउंटडाउन' आलं तेव्हा फोर्ज पाच वर्षांचा होता. भाचीला 1986चा आवाज बाजारातून उचललेला वाटतो. त्याच्यासाठी तो लहानपणी घरात, रस्त्यावर, शेजारच्या रेडिओवर वाजलेला आवाज आहे. 2015च्या 'मेलिओरा'साठी त्याने क्लास ओलुंड हा पॉपमधला, रॉबिनबरोबर काम केलेला निर्माता घेतला, तेव्हा तो परक्या दारात गेला नव्हता. आणि त्याच अल्बममधल्या 'सिरीस'ला 2016च्या फेब्रुवारीत सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं.

"'मेलिओरा' मलाही आवडतो," भाची म्हणाली. "त्यात अजून वजन आहे. पण त्यानंतर 'स्क्वेअर हॅमर' आलं आणि त्यांना कळलं की की-बोर्डच्या चार सुरांवर स्टेडियम उभं राहतं. मग थांबलेच नाहीत. 'प्रीक्वेल'मध्ये सॅक्सोफोन आणला, मामा. सॅक्सोफोन!"

"'मायाझ्मा'मधला तो सॅक्सोफोन मला फार आवडतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगवरचा अल्बम, त्यात शब्दांशिवायचं सव्वापाच मिनिटांचं गाणं, गिटारी आणि की-बोर्ड चढत चढत जातात आणि शेवटी, कुणाची अपेक्षा नसताना, तो वाजतो. यात सवंग काय आहे? आणि 'डान्स मकाब्र'चंच घे. उद्याची खात्री नसलेले लोक आज रात्री नाचून घेतायत. त्या नाचाला नाचता येईल अशीच चाल हवी. तिथे तुझा कोरडा गिटार आवाज घातला असता तर गाणं खोटं पडलं असतं."

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. घोस्ट ज्या संस्थेचं सोंग घेतो, ते चर्च आहे. चर्चमधलं सामुदायिक गाणं कुणासाठी असतं? ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने जर्मन भाषेत स्तोत्रं लिहिली ती अशासाठी की शिंपी, चांभार, शेतकरी, त्यांच्या बायका आणि मुलं, सगळ्यांनी एका आवाजात गावं. ल्यूथरचा पंथ स्वीडनमध्ये राजधर्म झाला आणि 2000 सालापर्यंत तिथलं चर्च सरकारी व्यवस्थेचाच भाग होतं. फोर्जच्या गावात मध्ययुगीन कॅथेड्रल उभं आहे. अशा समाजात वाढलेल्या माणसाला चर्चची नक्कल करायची असेल, तर मूठभर जाणकारांसाठी अवघड संगीत रचून ती नक्कल पुरी होत नाही. हजारो लोकांनी हात वर करून, डोळे मिटून, नको त्याची स्तुती एकमुखाने गायली पाहिजे. तेव्हाच प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो: मी हे काय गातोय, आणि मला हे इतकं छान का वाटतंय? सोपी चाल हेच या नाटकाचं हत्यार आहे. 'मेलिओरा'मधलं 'ही इज' ऐकून पाहा. ते एखाद्या रविवारच्या प्रार्थनेत सहज खपेल, आणि म्हणूनच ते पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

त्यावर मी तिला आपल्याकडचा दाखला दिला. भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गवई 1916 साली 'स्वयंवर'ला चाली देतो तेव्हा रागाचं पावित्र्य जातं, असं आपण म्हणत नाही. ज्याने कधी मैफल पाहिली नव्हती असा माणूस ती पदं गुणगुणत घरी गेला, याचा आपल्याला अभिमान वाटतो.

"पण बुवांनी राग सोडला नाही ना," ती लगेच म्हणाली. "पद लहान झालं, तान आटोपशीर झाली, राग तिथेच राहिला. माझी तक्रार तीच आहे. घोस्टने लोकांना आत घेताना राग सोडला. तू म्हणतोस ती चर्चची युक्ती मला पटते, अगदी पटते. पण ती चालायला दोन गोष्टी लागतात: चाल गोड हवी आणि शब्द विषारी हवेत. 'इन्फेस्टिसुमम'मध्ये दोन्ही होतं. त्या अल्बममधली चित्रं पाहून अमेरिकेतल्या काही कारखान्यांनी सीडी काढून द्यायला नकार दिला होता. 'स्केलेटा'मध्ये गाणी कशावर आहेत? विरह, दिलासा, आशा, मरणाची समजूत. सैतानाचा पोप येतो आणि मला धीर देतो! आता गोड चालीवर गोड शब्द आहेत. मग तो मुकुट कशाला, आणि ती कवटी कशाला?"

"'इम्पेरा'मध्ये तसं नाही."

"'इम्पेरा'चं मी म्हणत नाही. 'कायसारियन'मध्ये अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाचा खून आहे, शेवटच्या गाण्यात 1888चा व्हाइटचॅपलचा मारेकरी आहे. साम्राज्यं कशी चढतात आणि कुजतात याबद्दल त्या अल्बमला काहीतरी म्हणायचं आहे. तिथे चकचकीत आवाज शोभतो, कारण साम्राज्यही चकचकीतच असतं. 'स्केलेटा'ला तो आधार नाही. आणि मिक्सचं बोलायचं तर, पहिल्या अल्बममध्ये दोन वाद्यांच्या मध्ये रिकामी जागा आहे. त्या जागेत ऐकणाऱ्याची भीती राहते. आता प्रत्येक जागा भरली आहे. एक की-बोर्ड, त्याखाली दुसरा, वर चार-पाच आवाजांचा कोरस. ऐकणाऱ्याला स्वतःचं काही घालायला जागाच नाही."

तिच्या या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते मी इथे मुद्दाम पुरतं लिहिलं आहे. रिकाम्या जागेबद्दल ती म्हणते ते हेडफोन लावून दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले की कुणालाही कळेल. 'स्केलेटा'चे शब्द आधीच्या अल्बमइतके धारदार नाहीत, हेही खरं. फक्त तिने एक गोष्ट हिशेबात घेतलेली नाही. सैतानाच्या नावाने दचकणारं जग 2010 सालीही उरलं नव्हतं. आज तर तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर कवट्या छापलेल्या असतात. अशा वेळी कवटी रंगवलेल्या माणसाने अजूनही तेच अभद्र शब्द गायले असते तर ती निव्वळ सवय झाली असती. मुखवट्याआडून तो आता स्वतःच्या भीतीबद्दल गातो. मरण हा विषय त्याने सोडलेला नाही. 'एक्सेल्सिस' हे 'स्केलेटा'चं शेवटचं गाणं मरणाबद्दलच आहे. फक्त पूर्वी तो मरणाची धमकी द्यायचा, आता मरणाऱ्याच्या उशाशी बसतो. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या माणसाचं हे गाणं आहे आणि ते मला खरं वाटतं.

मग मी तिला विचारलं, "तू या बँडपर्यंत आलीस कशी?"

"'मेरी ऑन अ क्रॉस'मुळे. 2022 साली सगळ्यांच्या फोनवर त्याचा तुकडा वाजत होता तेव्हा."

हे गाणं 2019चं. 1969 साली हाच बँड, तेव्हाच्या म्हाताऱ्या पोपबरोबर, असं काही गात होता, अशी एक काल्पनिक गोष्ट रचून घोस्टने दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली होती. साठच्या दशकातला ऑर्गन, हलकाफुलका ठेका, एकदा ऐकून डोक्यात बसणारी चाल. बँडने आजवर केलेलं सर्वांत उघड जुन्या वळणाचं, सर्वांत सोपं काम. तीन वर्षांनी ते छोट्या व्हिडिओंमधून पसरलं आणि घोस्ट पहिल्यांदा बिलबोर्ड हॉट 100मध्ये, 90व्या क्रमांकावर, आला.

"म्हणजे ज्या सोप्या, जुन्या वळणाच्या गाण्याला तू नावं ठेवतेस, त्यानेच तुला 'ओपस एपॉनिमस'पर्यंत नेलं."

"नेलं. मी नाकारत नाही. पण मी मागे मागे गेले कारण मागे जायला काहीतरी होतं. आज जो 'स्केलेटा'पासून सुरू करेल आणि घोस्ट म्हणजे एवढंच असं समजेल, तो मागे कशाला जाईल? पहिल्या अल्बममधली गाणी कार्यक्रमातून कमी कमी होत गेली तर त्याला ती सापडणार कुठे?"

"नाटकवाला माणूस आहे तो. आयर्न मेडन 2008 साली बांद्रा-कुर्ला संकुलात येऊन गेले, तेव्हा मैदानातल्या प्रत्येकाला प्रत्येक गाणं येत होतं, कारण मेडनने ती गाणी दशकानुदशकं वाजवली. फोर्ज प्रत्येक अल्बमला पात्र बदलतो, कपडे बदलतो, काळ बदलतो. प्रत्येक वेळी नवा प्रयोग. 2025च्या दौऱ्यात तर प्रेक्षकांचे फोन दाराशीच थैल्यांत कुलूपबंद करायला लावले. पहिल्या क्रमांकाचा अल्बम असलेल्या बँडला फोनवरचे फुकटचे व्हिडिओ हवे असतात. याने ते नाकारले, कारण त्याला समोर बसलेला प्रेक्षक हवा आहे. ज्याला फक्त विकायचं आहे तो असं करत नाही."

"फोनचं मला आवडलं," ती म्हणाली. "खरंच आवडलं. पण त्या अंधारात त्याने 'रिच्युअल' गावं, 'उम्ब्रा' नको."

'उम्ब्रा'वर आमचं कधीच जमणार नाही. त्यातली गिटार आणि की-बोर्डची जुगलबंदी मला गेल्या काही वर्षांत रॉकमध्ये ऐकलेल्या सर्वांत आनंदी गोष्टींपैकी एक वाटते. तिला ती पोशाखी वाटते. ती 'ओपस एपॉनिमस'ला सर्वांत वर ठेवते, मी 'इम्पेरा'ला. पहिल्या अल्बममध्ये एक उत्तम कल्पना होती, आणि 'इम्पेरा'मध्ये त्या कल्पनेला शोभेलशी गाणी आली, शब्दांची धार शाबूत ठेवून आली. चालीचा सोपेपणा आणि आशयाची जड बाजू यांचा तोल या बँडला तिथे सर्वांत चांगला साधला आहे, असं माझं ठाम मत आहे. 'स्केलेटा' त्याच्या खाली, तरीही 'इन्फेस्टिसुमम'च्या वर.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघं सहमत आहोत, आणि तेवढी वाचकांना सांगतो. ज्यांनी 'मेरी ऑन अ क्रॉस'चा अर्ध्या मिनिटाचा तुकडाच ऐकला आहे, त्यांनी तिथे थांबू नये. आधी 'मेलिओरा' अखंड ऐकावा, गाणी न गाळता, क्रम न बदलता. मग एका दिवशी 'ओपस एपॉनिमस' आणि 'इम्पेरा' लागोपाठ ऐकावेत आणि मामा बरोबर की भाची, ते स्वतः ठरवावं.